विजेवांचून मोटारीची झिलई

खंडेनवमीच्या सकाळीं कोल्हापूरच्या पेठांतून फेरी मारली, तर एक दृश्य हटकून दृष्टीस पडतें. ज्याच्या घरीं तलवार आहे तो तलवार बाहेर काढतो, सुताराकडे करवत आणि रंधा पुसून पाटावर मांडले जातात, शिवणाच्या यंत्राला हळदकुंकू लागतें. आणि ज्याच्या दारांत फटफटी किंवा मोटार आहे, तो बाह्या सरसावून, बादली आणि फडकें घेऊन तिच्यामागें लागलेला असतो. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं दसरा चौकांत सीमोल्लंघनाला छत्रपति घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. राजाराम महाराजांच्या काळची, १९३० नंतरच्या दशकांतील ही जर्मन गाडी. सोनें लुटण्याआधीं हजारों डोळे तिच्या अंगावरून फिरतात. घरीं परतल्यावर मग मनुष्य आपल्या दारांतील मोटारीकडे जरा निराळ्या नजरेनें पाहतो, आणि हिला अशी झिलई कां येऊं नये, असें त्याच्या मनांत येतें.

झिलई द्यावयाची म्हणजे विजेचें यंत्र हवें, अशी हल्लीं सार्वत्रिक समजूत आहे. पुढें स्पंजाची चकती गरगर फिरणारें तें यंत्र गाड्या धुण्याच्या दुकानांत आपण पाहिलेलें असतें. परंतु शुक्रवार पेठेंत, मंगळवार पेठेंत किंवा शिवाजी पेठेंत ज्यांचीं घरें आहेत त्यांना ठाऊक आहे कीं, आपली मोटार आपल्या घरांत नसतेच. ती गल्लीच्या तोंडाशीं, एखाद्या तालमीच्या भिंतीला लागून, नाहीं तर देवळाशेजारच्या मोकळ्या जागेंत उभी असते. नव्या वस्तीतल्या सदनिकांत राहणारांची स्थितीही फारशी वेगळी नाहीं. मोटार तळमजल्यावर खांबांच्या मध्यें, आणि विजेचा प्लग तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरांत. मग कोणी वरून तार सोडतो. घरगुती बारीक तार इतकी लांब सोडली म्हणजे ती तापते, यंत्रापर्यंत पुरेसा दाब पोहोंचत नाहीं, आणि खालीं तर धुतलेल्या मोटारीचें पाणी साचलेलें. त्या पाण्यांतून जोड दिलेली तार ओढीत हिंडणें म्हणजे चकाकीसाठीं प्राण पणाला लावणें होय.

दुसरा कोणी युक्ति सांगतो कीं, मोटारींतच बॅटरी आहे, तिच्यावर यंत्र चालवावें. हिशेब करून पाहा. मोटारीच्या आंत सिगारेट पेटविण्याची म्हणून जी खोबण असते तिला बहुधा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्टच्या हिशेबानें तेथून १२० ते १८० वॅट मिळतात. यंत्राला लागतात ७०० ते १००० वॅट, क्वचित त्याहूनही अधिक. फ्यूज जाईल, यंत्र हलणार नाहीं. स्वतःची बॅटरी असलेलीं यंत्रें आतां बाजारांत मिळतात आणि तीं चांगलींही असतात. पण वर्षांतून दोनदां पडणाऱ्या कामासाठीं तितका पैसा घालावा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

मला आज सांगावयाचें आहे तें याहून थोडें वेगळें. वीज नाहीं म्हणून नाइलाजानें हात वापरा, असें माझें म्हणणें नाहीं. घरच्या मनुष्यानें, घरच्या मोटारीवर, वीज हाताशीं असली तरी हातच वापरावा, असें माझें मत झालें आहे. आणि तें पुस्तकें वाचून झालेलें नाहीं.

आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीनें मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटच्या नमुन्यावरून ही मोटार बांधली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ती परिचित होती; २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. आमची मात्र गर्द निळी. तो रंग वडिलांनीं निवडलेला, आणि ती मोटार पुसण्याचा हक्क त्यांनीं हयातभर दुसऱ्या कोणाला दिला नाहीं. काठ फाडून टाकलेल्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा, हेंच त्यांचें हत्यार. आम्ही मुलें जवळ गेलों कीं, "हात लावूं नका, बोटें उमटतात," एवढेंच ते म्हणत.

२०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशीं ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. शाहूपुरींत आणि नागाळा पार्कांत माणसें नावांतून बाहेर काढावीं लागलीं, पुणें-बंगळूर रस्ता शिरोलीपाशीं कित्येक दिवस बंद पडला. उपशाचे पंप बुडाल्यामुळें चहूंकडे पाणी आणि नळाला मात्र थेंब नाहीं, अशी शहराची अवस्था झाली. वीजही गेलेली. आमची गल्ली शुक्रवार पेठेंतली. पद्मिनी त्यांतल्या त्यांत उंच जागीं नेऊन ठेविली होती, तरी खिडक्यांच्या काचांपर्यंत बुडाली. पाणी ओसरलें तेव्हां निळी मोटार तपकिरी होऊन उभी होती.

येथें, विषय जरी झिलईचा असला, तरी एक सूचना देऊन ठेवतों. बुडालेली मोटार चालू होते कीं काय, हें पाहण्यासाठीं किल्ली फिरवूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं; सिलिंडरांत तें शिरलें असेल तर पिस्टनचे दांडे वांकतात. बॅटरीची तार सोडवून ठेवावी आणि पुढचें काम मेकॅनिकवर सोपवावें.

आतां गाळाविषयीं. पुराचा गाळ दिसावयास लोण्यासारखा असतो, पण त्याच्या पोटांत बारीक वाळू असते. तो सुकल्यावर फडक्यानें पुसणें म्हणजे मोटारीवर घासकागद फिरविणें होय. गल्लींत टँकर येई, तें पाणी पिण्यापुरतें. तें मोटारीवर ओतणें मनाला पटेना. म्हणून नळ सुरू होईपर्यंत गाळ तसाच राहूं दिला. नंतर जुन्या चादरी भिजवून टपावर, बॉनेटवर आणि दारांवर अंथरल्या, वर अधूनमधून पाणी शिंपडीत तासभर ठेविल्या, आणि गाळ सैल झाल्यावर हात न लावतां केवळ पाण्याच्या धारेनें वरून खालीं वाहवून दिला. तीन वेळां असें केल्यावर निळा रंग दिसूं लागला. पण तो रंग कसला, रंगाची राख म्हणावी! बोट फिरवावें तर खडूसारखी निळसर पूड बोटाला लागे. कांहीं उन्हानें आधींच झालेलें होतें, तें पुरानें उघड केलें इतकेंच.

रंगशाळेंत चौकशी केली. सगळा रंग खरवडून नवा द्या, असा सल्ला मिळाला. आईला तो सांगितला तेव्हां ती म्हणाली, "नवा रंग दिलास तर गाडी शेजाऱ्याची वाटेल मला." तिच्या ह्या एका वाक्यानें रंगशाळेचा प्रश्न मिटला, आणि माझा सुरू झाला.

तोंवर वीज आली होती. एका मित्राचें यंत्र मागून आणलें आणि शेजाऱ्यांच्या खिडकींतून तार घेतली. बॉनेटच्या मध्यभागीं दोन मिनिटांत असा कांहीं सुंदर निळा रंग वर आला कीं, मी स्वतःवरच खूष झालों, आणि त्या खुषींत चकती कडेपर्यंत नेली. बॉनेटच्या कडेला जेथें पत्रा वळतो, तेथें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत निळा रंग नाहींसा होऊन खालचें तांबडें अस्तर दिसूं लागलें. जुन्या रुपयाएवढा डाग. गल्लींतले एक वृद्ध रंगारी कट्ट्यावर बसून हें सर्व पाहत होते. ते उठून आले, वांकून त्यांनीं डाग न्याहाळला आणि म्हणाले, "मालक, आतां मशीन लावूं नगासा. रंग कागदागत झालाय. हातानं घासा. हाताला कळतंय कुठं थांबायचं त्ये."

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ओला रंग पत्र्याच्या धारेवरून दोन्हीं बाजूंना ओसरतो, म्हणून कडेला मुळांतच त्याचा थर पातळ बसतो. त्यावर सपाट चकती टेकली कीं, सगळा दाब त्या एका रेघेवर येतो. चकती मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेत असते; घर्षणानें रंग तापून मऊ होतो आणि सुटतो. हाताला हा वेगही नाहीं आणि ही उष्णताही नाहीं. शिवाय पत्रा कोठें वळला, रंग कोठें खरखरीत लागतो आणि कोठें गुळगुळीत झाला, हें तळव्याला तत्काळ समजतें. यंत्राच्या मुठींत सर्व कांहीं एकसारखेंच थरथरतें.

आजच्या नव्या मोटारींना हें लागू नाहीं, असें कोणी समजूं नये. हल्लीं रंगाच्या वर एक पारदर्शक थर देतात. मोटारीला जी कांचेसारखी चमक दिसते ती त्याची. ह्या थराची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्यावरचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाहूनही पातळ अशा पापुद्र्यावर आपण हा सगळा खेळ मांडलेला असतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण तोच पापुद्रा करतो. तो एकदां झिजला कीं, पुन्हां चढविण्यासाठीं रंगशाळेवांचून गति नाहीं.

आपल्या मोटारीला पारदर्शक थर आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची सोपी रीत आहे. न दिसणारी एखादी जागा, म्हणजे दाराची खालची बाजू, निवडून पांढऱ्या फडक्यावर किंचित् पॉलिश घेऊन घासावें. फडक्याला मोटारीचा रंग लागला तर वर थर नाहीं, मूळ रंगच उघडा आहे. फडकें केवळ मळकट झालें तर थर आहे. जुन्या मोटारीच्या बाबतींत फडकें निळें किंवा तांबडें झालें म्हणून घाबरूं नये. मेलेला रंग निघून खालचा जिवंत रंग वर येत असतो. मात्र तो निघणारा रंग पुन्हां भरून येणार नाहीं, ही जाणीव प्रत्येक फेऱ्याला असावी.

पुष्कळांचा एक घोटाळा होतो. पॉलिश आणि मेण हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें आहेत, असें त्यांना वाटतें. पॉलिशांत अत्यंत बारीक कठीण पूड असते, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची. ती रंगाचा वरचा अंश घासून काढते आणि पृष्ठभाग सपाट करते. मेण कांहींच काढीत नाहीं. तें सपाट झालेल्या पृष्ठभागावर एक पातळ कवच घालतें. म्हणून पॉलिश वर्षांतून एकदां, आणि तेंही गरज असेल तरच. मेण मात्र दोन-तीन महिन्यांनीं घातलें तरी हरकत नाहीं. मळक्या मोटारीवर मेण घालणें म्हणजे न्हाऊं न घालतां मुलाला पावडर लावण्यासारखें आहे.

न्हाऊं घालण्याचें काम सर्वांत महत्त्वाचें, आणि त्यांतच आपण सर्वांत अधिक उतावीळ असतों. मोटारीवर ओरखडे पडतात ते पॉलिश करतांना नव्हे, पुसतांना. आपल्याकडे त्याचीं कारणेंही मुबलक. राधानगरी-गगनबावड्याकडे जाऊन आलेल्या मोटारीवर तांबडी माती बसलेली असते. हंगामांत साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि गुऱ्हाळांच्या चुलवाणांतून उडालेली चिपाडांची राख पहांटेपर्यंत टपावर साचते. ती खरखरीत असते, कोरड्या फडक्यानें झटकूं नये. उद्यमनगरांत किंवा शिरोलीच्या कारखान्यांपाशीं मोटार ठेवणारांना आणखी एक अनुभव येतो. लोखंड घासतांना उडालेले कण रंगांत रुतून बसतात आणि पहिल्या पावसांत नारिंगी ठिपके उमटतात. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते, ती उन्हांत वाळली कीं रंगावर कायमचा डाग पडतो. ती दिसतांच ओल्या फडक्याखालीं भिजवून उचलावी.

धुण्यासाठीं दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीचा सौम्य शाम्पू, दुसरींत स्वच्छ पाणी. फडकें साबणाच्या बादलींतून मोटारीवर, मोटारीवरून स्वच्छ पाण्यांत, आणि मगच पुन्हां साबणांत. हा एवढा नियम पाळला तर निम्मे ओरखडे टळतात. आरंभ टपापासून करावा, चाकें आणि खालचा भाग शेवटीं, आणि त्यांचें फडकें निराळें. कपड्यांची धुण्याची पूड वापरूं नये. ती असलेलें मेणही घेऊन जाते. बोअरचें पाणी जड असेल तर तें अंगावर वाळूं देऊं नये, पांढरे ठिपके राहतात. आणि कृपा करून हें काम रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर नेऊं नका. दोन बादल्यांत होणाऱ्या कामासाठीं तळ्यांत तेल आणि साबण सोडण्याचें कारण नाहीं. ज्या नदीनें माझ्या मोटारीवर गाळ आणून ठेविला तिच्यावरही सूड उगवावा असें मला वाटलें नाहीं.

धुऊन पुसल्यावर बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून मोटारीवरून हात फिरवून पाहावा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवींतून खरखरीत लागतो. रुतलेले कण असे सांपडतात. ते काढण्यासाठीं मातीच्या गोळ्यासारखी मऊ चिकट वडी मिळते. साबणाच्या पाण्यानें जागा ओली ठेवून ती वडी हलक्या हातानें फिरविली कीं, कण तिला चिकटून येतात. ती जमिनीवर पडली तर फेकून द्यावी. पैशाचा मोह होतो, मला झाला होता. पण जमिनीवरचा एक खडा पुढच्या चार फुटांवर रेघ ओढतो.

आतां पॉलिश. मोटार सावलींत आणि पत्रा हाताला गार लागेल अशा वेळीं, म्हणजे सकाळींच, काम सुरू करावें. कड्यांवर आणि उठावाच्या रेघांवर रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावावी. ज्या चुकीची किंमत मीं मोजली ती आपण मोजूं नये. प्लास्टिकच्या काळ्या भागांवरही तीच पट्टी लावावी, नाहीं तर पॉलिशाचे पांढरे डाग तेथें ठाण मांडून बसतात. फडकें नुसतें बोटांना गुंडाळूं नये. बोटांच्या टोकांखालीं दाब एकवटतो आणि चार बोटांच्या चार पन्हळी उमटतात. तळहातांत मावेल असा फोमचा ठोकळा घ्यावा आणि त्यावर फडकें ताणून धरावें. पॉलिश वाटाण्याएवढें पुरतें. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद, एवढाच तुकडा एका वेळीं घ्यावा. आधीं उभे, मग आडवे, असे सरळ हात मारावे. गोल फिरविलेल्या हाताच्या खुणा राहिल्याच तर त्या कोणत्याही बाजूनें उन्हांत चमकतात, सरळ खुणा एखाद्याच कोनांतून दिसतात. प्रथम बेताचा जोर, आणि पॉलिश पारदर्शक होत आलें कीं जोर कमी कमी करीत आणावा. खासबागेंत कुस्ती मारावयाची असल्यासारखें अंग टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तालमींत घुमलेला हात असेल तर त्यानें येथें निम्मा जोर घरींच ठेवून यावें. ताकदीपेक्षां फेऱ्यांची संख्या अधिक उपयोगी पडते.

नख फिरविलें असतां जो ओरखडा नखाला अडतो, तो घासून जाणार नाहीं. तो घालविण्याइतका रंग झिजवावा तर आजूबाजूचें सगळेंच पातळ होईल. अशा ओरखड्याला सोडून द्यावें. मोटार रस्त्यावर वावरते, तिच्या अंगावर दोन-चार आठवणी राहणारच.

फडक्याविषयीं थोडें अधिक सांगतों, कारण येथें जुनें आणि नवें यांची गांठ पडते. वडिलांचें धोतर चांगलेंच होतें. अनेक धुण्यांनीं मऊ झालेलें सुती कापड, काठ, शिवण आणि गुंडी काढून टाकलेलें, पुसण्याला केव्हांही योग्य. पण आतां मायक्रोफायबर म्हणून जें कापड मिळतें त्याचे कृत्रिम तंतू रेशमाहूनही बारीक असून त्यांच्या फटींत धूळ उचलून धरली जाते. सुतावर ती पृष्ठभागावरच फिरत राहते. म्हणून शेवटच्या पुसण्याला मी हें नवें कापड घेतों. त्याची घडी चौपदरी करावी, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली कीं दुसरी. तें सुती कपड्यांबरोबर धुऊं नये, त्यांचे तुसे तें पकडून ठेवतें. धोतराचा तुकडा मीं अजून जपून ठेविला आहे. कांचा पुसण्याला त्याच्यासारखें कांहीं नाहीं.

पॉलिशाचा अंश पुसून काढल्यावर मेण. मधमाश्यांचें मेण आपल्या परिचयाचें. भुदरगड तालुक्यांतील पाटगांव तर आतां मधाचें गांव म्हणूनच ओळखलें जातें. परंतु हें मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतें, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हांत काळ्या मोटारीचा टप त्या मर्यादेला सहज जाऊन भिडतो. म्हणून मोटारीच्या मेणांत कार्नोबा नांवाचें मेण मिसळतात. ब्राझीलच्या ईशान्य भागांतील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर तें जमतें. रखरखीत हवेंत पानांतलें पाणी उडून जाऊं नये म्हणून त्या झाडानें केलेली ही तरतूद. पानें तोडून, वाळवून, झोडपून तें काढतात. तें सुमारें ८२ ते ८६ अंशांपर्यंत वितळत नाहीं आणि वनस्पतींच्या मेणांत अत्यंत कठीण समजलें जातें. झाडानें आपल्या पानासाठीं योजिलेला उपाय आपण पत्र्यासाठीं उसना घेतों. कांहीं उत्साही मंडळी घरींच टर्पेंटाइन आणि मेण विस्तवावर ठेवून लेप करतात. टर्पेंटाइनच्या वाफा पेट घेतात, तेव्हां हा उद्योग स्वयंपाकघरांत करूं नये. तयार डबी घ्यावी, ती वर्षभर पुरते. रॉकेलच्या फडक्यानें टेंपो चकचकीत करणारे लोक आहेत. ती चकाकी संध्याकाळपर्यंत टिकते, आणि तोंवर रस्त्यावरची सगळी धूळ तिला चिकटते.

मेण जितकें पातळ तितकें उत्तम. डबींत बोटें खुपसून लोण्यासारखें थापलें तर वरचा सगळा भाग पुसूनच टाकावा लागतो, आणि हात मात्र भरून येतात. ओलसर स्पंजावर पुसटसें घेऊन, दिसेल न दिसेल असें पसरावें. दहा-पंधरा मिनिटांत त्यावर धुक्यासारखी पांढरट छटा येते. बोटाचें टोक फिरवून पाहावें. खालीं स्वच्छ चमक दिसली तर वाळलें, ओघळल्यासारखें झालें तर आणखी थांबावें. मग कोरड्या कापडानें हलकेच पुसावें. दुसरा हात द्यावयाचा तर दुसऱ्या दिवशीं. पावसाच्या दिवसांत पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहून घरंगळूं लागले म्हणजे मेण आहे. पाणी चादरीसारखें पसरूं लागलें म्हणजे संपलें. कोल्हापूरचा पाऊस पाहतां मेच्या अखेरीस एकदां आणि दसऱ्याच्या आधीं एकदां, एवढें तरी करावेंच.

आमच्या पद्मिनीला हें सर्व करावयास मला पांच रविवार लागले. पहिल्या रविवारीं एकटें बॉनेट झालें आणि दुसऱ्या दिवशीं हात डोक्यापर्यंत जाईना. पुढें हाताला लय सांपडली. रंगारीबाबा कट्ट्यावरून लक्ष ठेवून असत. "बास, तितं बास," एवढे दोनच शब्द ते मधून मधून उच्चारीत, आणि मी थांबत असें. उजव्या दाराच्या वरच्या भागांत, जेथें वडील कोपर टेकून मोटार चालवीत, रंग आधींच इतका झिजलेला होता कीं तेथें मीं पॉलिश लावलेंच नाहीं. केवळ मेण दिलें. फडकीं निळीं होत गेलीं, आणि मोटारही.

त्या वर्षीं दसरा ८ ऑक्टोबरला होता. आदल्या दिवशीं, खंडेनवमीला, सकाळीं मोटार गल्लींत पुढें आणून उभी केली. बॉनेटच्या कडेचा तो तांबडा डाग तसाच होता. त्याच्यावर रंगाचें बोट लावावें असें दोघांतिघांनीं सुचविलें, पण निळ्याशीं निळा जुळेना, म्हणून त्यावरही मेणच चढविलें, निदान गंज तरी धरूं नये. आई हळदकुंकवाचें ताट घेऊन बाहेर आली. तिनें मोटारीला एक फेरी घातली, कांचेंत पाहून पदर सारखा केला, आणि झेंडूची माळ नेमकी त्या डागावर येईल अशी घातली.